सब्ज परी पुण्याला आली होती

"संगीत नाटक ही चीज जगाच्या पाठीवर कुठंच नाही, फक्त मराठीत आहे!"

नाना हे वाक्य सकाळपासून वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते. पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन, आणि आमच्या पडेगावच्या ज्येष्ठ नागरिकांत यंदा भाषणाचा मान त्यांच्याकडे. एसटीत जन्म गेलेला माणूस, त्यामुळं शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचला पाहिजे ही सवय. तो आमच्या अंगणातून पलीकडं खालांच्या अंगणातही पोचला. खाला उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण चूक कानावर पडली की हातातलं काम सोडून उठायची खोड गेलेली नाही. त्या भिंतीशी आल्या.

"नाना, इटलीवाले काय मुके होते?"

"ते ऑपेरावाले वेगळे. मी आपल्याकडचं बोलू लालोय."

"आपल्याकडचंच सांगते. इंदरसभेचं काय करता?"

नानांनी चष्मा वर केला. "इंद्रसभा? हे बघा, आहे की माझ्याकडं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात पारशी मंडळीचा इंद्रसभा नावाचा उर्दू खेळ पाहिला आणि त्यांना शाकुंतलाची कल्पना सुचली. लिहिलंय."

"किती लिहिलंय?"

"हे एवढंच. एक वाक्य."

"हौ. बस, एकच वाक्य."

खालांचं खरं आहे. मराठी रंगभूमीचा कोणताही इतिहास उघडा, लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या लांबच्या मामासारखी इंद्रसभा तिथं असते. मामा कुठला, करतो काय, त्याला का बोलावलं, कुणी सांगत नाही. त्या दिवशी मात्र आमच्या भिंतीवर या मामाची सगळी कुंडली निघाली. काकूही (म्हणजे नानांच्या मंडळी) पोळ्या आटोपून आल्या. गुरुवार होता, छावणीच्या बाजाराला जायचं होतं, पण परीची गोष्ट म्हटल्यावर बाजार कुठं पळून जातो?

"लिहिणारा कोण?" काकूंनी मुळापासून सुरुवात केली.

"सय्यद आगा हसन. शायरीतलं नाव अमानत. लखनौचा माणूस, 1815 चा जन्म. ऐन विशीत आजारपण आलं आणि वाचा गेली. पुढं करबलेच्या यात्रेला गेला तेव्हा जीभ सुटली म्हणतात, पण बोलणं अडखळतच राहिलं. मग घराबाहेर पडणं नको, चार लोकांत बसणं नको. दोस्त म्हणाले, बसून करतोस काय, काहीतरी असं लिही की लोकांचं दिल बहलेल. त्यानं इंदरसभा लिहिली."

"म्हंजे ज्याला धड बोलता येईना, त्यानं लोकांना गायला लावलं?"

"आणि बोलायचं काम फार ठेवलंच नाही त्यात," खाला हसल्या. "जवळजवळ सगळी पद्यात. गझल आहे, ठुमरी आहे, होरी आहे, बसंत आहे, सावनची गाणी आहेत. उर्दूही आहे आणि तिकडची खेड्यातली बोलीही. एक परी येते, आपली ओळख करून देते, गाते, नाचते, राजाच्या शेजारी बसते. मग दुसरी येते."

नानांनी इथं आपली माहिती घातली. लखनौचा नवाब वाजिद अली शाह स्वतः इंद्र होऊन बसायचा, त्याच्या बेगमा पऱ्या व्हायच्या, आणि एका फ्रेंच माणसानं युरोपातल्या ऑपेराचा नमुना दिल्यामुळं हा खेळ तयार झाला.

"कुठं वाचलं?"

"कुठंतरी वाचलंय."

"कुठंतरी म्हणजे सगळीकडं. ही अफवा शंभर वर्षं चालली. लखनौच्याच मसूद हसन रिझवींनी कागदपत्रं धुंडाळून ती मोडली. नवाबाचा स्वतःचा रंगमंच होता, राधा-कन्हैयाचा खेळ त्यानं स्वतः रचला होता, ते सगळं खरं. पण इंदरसभा दरबाराची नव्हे. 1853 च्या सुमाराची ही चीज, शहरातल्या साध्या लोकांची. रिझवींनी दोन पुस्तकं केली, एक शाही स्टेजवर आणि दुसरं अवामी स्टेजवर. इंदरसभा दुसऱ्यात आहे."

मला या अफवेची गंमत वाटते. हलक्याफुलक्या खेळाला लोकांनी डोक्यावर घेतलं की जाणत्यांना चैन पडत नाही. मग त्याला एक राजा तरी चिकटवायचा, नाहीतर एक फ्रेंच माणूस. वाचा गेलेल्या शायरानं घरात बसून केलं, एवढं कुणाला पुरत नाही.

"गोष्ट काय पण?" काकू.

आता खालांना रंग चढला. गोष्ट त्यांनी अशी सांगितली की जणू हे सगळं मागच्या गल्लीत परवा घडलं. राजा इंदरच्या दरबारात चार पऱ्या: पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज. पुष्कराज, नीळ, माणिक, पाचू असे त्यांचे रंग. यातली सब्ज परी आकाशातून येताना खाली गच्चीवर झोपलेला एक राजपुत्र बघते. त्याचं नाव गुलफाम. झालं, दरबारात लक्ष लागेना. ती काळ्या देवाला गळ घालते. हा देव म्हणजे आपल्याकडचा राक्षस. तो झोपलेल्या गुलफामला उचलून घेऊन येतो.

"पोरगीच पोराला पळवून आणते?"

"हौ. आणि जागा झाल्यावर हे साहेब म्हणतात काय, मला राजाचा दरबार दाखव. ती म्हणते, नको रे, माणसाला तिथं येऊ देत नाहीत. हा हट्टाला पेटतो. शेवटी ती त्याला झाडामागं लपवते, आणि लाल देव चुगली करतो."

"असतोच एक," काकू म्हणाल्या आणि आमच्या गल्लीच्या टोकाकडं बघितलं. कुणाकडं, ते मी लिहिणार नाही.

"राजा भडकतो. गुलफामला काफ डोंगरातल्या विहिरीत टाकतो, हिचे पंख उपटून दरबारातून हाकलतो. ती जोगीण होते. गात गात फिरते. तिचं गाणं इतकं गाजतं की काळा देव तिला दरबारात आणतो. राजा ओळखत नाही. खूश होऊन म्हणतो, माग काय हवं ते. पान नको, हार नको, शाल नको. तो विहिरीतला पोरगा द्या. शब्दात अडकला राजा. संपलं."

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमची शकुंतला बसली की आश्रमात रडत. ही बघा. दारात उभी राहिली आणि मागून घेतलं."

"अगं, ते कालिदासाचं आहे!" नाना ओरडले.

"असंना का. ओळख विसरणारा राजा दोघींच्या नशिबी. पण हिनं अंगठीची वाट पाहिली नाही."

या एका वाक्यासाठी मी काकूंना माझ्या लेखांचे सगळे पैसे द्यायला तयार आहे. नाट्यसमीक्षेच्या पुस्तकांत मला हे कुठं दिसलेलं नाही.

नाना चिवट. त्यांनी वेगळी वाट धरली. मुसलमान शायर, आणि राजा इंद्र? पऱ्या इराणच्या, काफ डोंगर तिकडचा, आणि सिंहासनावर आपला देवेंद्र? हे कसलं मिश्रण? खाला म्हणाल्या, ते तुमच्या देवेंद्राला विचारा, त्याची काही तक्रार आलेली नाही. तक्रार माणसांची. हिंदीतले भारतेंदु हरिश्चंद्र होते ना, त्यांनी 1879 मध्ये इंदरसभेची टिंगल करायला 'बंदर सभा' लिहिली. माकडांचा दरबार. आता ज्याची नक्कल केलेली गल्लीतल्या पोराला कळते, तोच खेळ नकलेला लायक. लखनौचा एक खेळ काशीत सगळ्यांना इतका पाठ झाला होता, याचा याहून पक्का दाखला कुठला?

आणि हेच भारतेंदु एकदा काशीत पारशी मंडळीचं शाकुंतल पाहायला गेले होते. सोबत संस्कृतचे मोठे पंडित डॉक्टर थिबो. दुष्यंत रंगमंचावर आला आणि कमरेवर हात ठेवून नाचणारणीसारखा ठुमकत गाऊ लागला. थिबोसाहेब उठले, बाकीचे पंडितही उठले. कालिदासाच्या गळ्यावर सुरी फिरताना पाहवत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणत सगळे बाहेर. भारतेंदुंनी 1883 च्या आपल्या 'नाटक' निबंधात हा किस्सा नोंदवून ठेवला आहे.

नानांना हर्ष झाला. "बघा! म्हणूनच आमच्या अण्णासाहेबांची थोरवी. तोच कालिदास, तेच शाकुंतल, पण दुष्यंत ठुमकला का? मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला. 31 ऑक्टोबर 1880, पुणं, आनंदोद्भव नाट्यगृह. पहिले चार अंक. पंडितांनी उठून जायचं सोडा, त्यांनीच डोक्यावर घेतलं."

"ते मान्य," खाला म्हणाल्या. "पण पात्रानं स्वतः उभं राहून स्वतःचं गाणं गायचं, हे अण्णासाहेबांनी कुठं बघितलं?"

नाना थांबले. मी मध्ये पडले, कारण इथं खरा मुद्दा आहे. आपल्याकडं नाटक होतं. 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याच तारखेला आपण रंगभूमी दिन करतो. पण त्यात गायचं काम सूत्रधाराचं. तो एका बाजूला उभा राहून पदं म्हणणार, पात्रं त्यावर अभिनय करणार आणि वेळ येईल तसं आयत्या वेळचं बोलणार. राम रडला तरी गाणार सूत्रधार. किर्लोस्करांनी हे उलटं केलं. स्वतः ते तेव्हा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, शंकराचार्यांवर एक गद्य नाटकही आधी लिहून झालं होतं. कचेरीतला हा कानडी मुलुखातला कारकून संध्याकाळी जाऊन पारशांचा खेळ बघतो, आणि त्याला दिसतं की परी स्वतःच गाते. गाता गाता तिचं दुःख तिचंच राहतं. सूत्रधाराकडून उसनं आणावं लागत नाही.

"एक मिनिट," नानांनी बोट वर केलं. "सोकर बापूजी त्रिलोकेकर. 1879. नलदमयंती. मुंबईला. त्यांच्या पात्रांनी किर्लोस्करांच्या आधी गायलंय. आणि तंजावरच्या भोसल्यांनी तर त्याच्याही दोनशे वर्षं आधी मराठीत गाती नाटकं रचली."

"मग तुमचं 'फक्त अण्णासाहेब' कुठं राहिलं?"

"मी 'फक्त मराठी' म्हणालोय!"

काकूंनी कपाळाला हात लावला.

त्रिलोकेकरांचं मात्र वाईट वाटतं. ते पहिले असतील, पण लोकांच्या तोंडी बसले नाहीत. किर्लोस्करांनी काय केलं की गाण्याची कल्पना बाहेरून उचलली आणि चाली घरातल्या लावल्या. कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी, लावणीचा ठसका, कानडी मुलुखातल्या चाली, वर रागदारी. श्रोत्याला वाटलं, हे तर आपलंच, आजी म्हणायची तेच. शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं आहेत. दोन वर्षांनी, 1882 मध्ये, 'सौभद्र' आलं आणि त्याच वर्षी बडोद्याच्या पोलीस कचेरीतला एकोणीस वर्षांचा कारकून मंडळीत आला: भाऊराव कोल्हटकर, लोकांचा भावड्या. त्यानंतर मुजुमदारांनी शकुंतलेचं लुगडं खाली ठेवलं आणि व्यवस्थापन हाती घेतलं. शहाणा माणूस. दुसऱ्याचा गळा आपल्यापेक्षा गोड आहे हे वेळेवर कळणारे नट किती?

"कारकूनच का सगळे?" काकूंची शंका.

"तेव्हा शिकलेल्याला दुसरं काय होतं?" नाना म्हणाले. एसटीतला माणूस, त्याला कळतं.

पुरुषांनी लुगडी नेसायचा विषय निघाला तसा खालांनी आवाज बारीक केला. आवाज बारीक झाला की आम्ही तिघंही भिंतीला टेकतो, नियमच आहे तसा.

"मुंबईला पारशी मंडळीत पण पोरंच पऱ्या व्हायची. दादाभाई पटेल नावाचे एक मालक होते. हैदराबादेत सालारजंग दिवाण असताना त्यांची मंडळी तिकडं खेळ करायला गेली. येताना त्यांनी तिकडच्या गाणाऱ्या बाया आणल्या आणि इंदरसभेत खऱ्या बायकांना पऱ्या केलं. एक होती लतीफा बेगम. तिची जुन्या पारशी लोकांनी सांगितलेली गोष्ट अशी, की एका रात्री ती रंगमंचावरून विंगेत आली, तिथं एक पारशी गृहस्थ ओव्हरकोट घेऊन उभे. कोट तिच्या अंगावर टाकला, बग्गीत घातलं आणि पसार!"

"खेळ चालू असताना?"

"परी उडाली म्हणायचं, दुसरं काय."

"गुलफामनं नेलं का ओढून," काकू म्हणाल्या. "बघा, खऱ्यात उलटंच होतं."

वर्तमानपत्रांतून काहूर उठलं, बायका रंगमंचावर आणल्या की हेच होणार म्हणून जाणती मंडळी ओरडली, आणि खेळाला गर्दी वाढली असणार हे माझं मत. त्याच्या काही वर्षं आधी पॅरिसमध्ये ऑफेनबाखनं देवादिकांना घेऊन एक थट्टेचा संगीत खेळ केला होता, 1858 मध्ये. एका बड्या समीक्षकानं पवित्र पुराणकथेची विटंबना म्हणून झोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिकिटं मिळेनात. तिकडं ज्युपिटर, इकडं इंदर. दोघांचेही दरबार नाचण्यासाठीच भरायचे आणि दोघांनाही शिव्या लाभल्या. हा ऑफेनबाख 1880 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला वारला. महिना संपता संपता पुण्यात शाकुंतलाचा पडदा उघडला. यात काही संबंध नाही. मला आपलं सांगावंसं वाटलं.

आता नानांचा शेवटचा हुकमी पत्ता. "ठीक. कल्पना घेतली. पण चाली? चाली तर आमच्या राहिल्या ना?"

"किती वर्षं?" खाला.

नानांना माहीत होतं, म्हणूनच ते खोकले. सोळा वर्षं. 1896 मध्ये विदर्भातल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'वीरतनय' त्याच किर्लोस्कर मंडळीनं केलं आणि त्यात पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली उघडउघड आल्या. साकी-दिंडीवर वाढलेल्यांनी नाकं मुरडली. पोरांनी त्या चाली रस्त्यानं शिट्टीवर वाजवल्या. नाट्यसंगीताचं वळण तिथून बदललं ते बदललंच. आज नाना मोबाइलवर ज्याला अस्सल जुनं नाट्यसंगीत म्हणून कान देतात, त्यात त्या उडत्या चालींचा वाटा भरपूर आहे. त्यांना ते चालतं. फक्त भाषणात नको.

"भाषणात किती म्हणून घालू?" नाना चिडलेच. "वीस मिनिटं दिलीत मला. त्यात अध्यक्षांचा सत्कार."

"मग औरंगाबादचं तरी सांगा," खाला म्हणाल्या. त्या अजून जुनंच नाव घेतात, नाना नवं घेतात, आणि दोघंही एकमेकांचं ऐकून सोडून देतात. "वली इथला. त्याचा दीवान 1720 च्या सुमाराला दिल्लीला पोचला तेव्हा तिथले शायर फारसीत लिहीत होते. दखनच्या माणसाची बोली ऐकून त्यांना कळलं की आपल्या बोलीतही गझल होते. मग दिल्लीहून ती हवा लखनौला गेली. लखनौत अमानत झाला. अमानतची परी पारशांबरोबर मुंबईला आणि तिथून पुण्याला आली. तुमच्या अण्णासाहेबांनी जे पाहिलं, त्याचं थोडं व्याज आमच्या गावाला लागतं की नाही?"

नाना विचारात पडले. हा हिशोब थोडा ओढून आणलेला आहे; मधल्या दीडशे वर्षांत दिल्ली-लखनौच्या लोकांनीही कष्ट केलेत. पण पडेगावात उभं राहून ऐकताना तो फार बरा वाटतो, हेही खरं. नानांनी वहीच्या पाठीमागं 'वली, 1720' लिहिलेलं मी पाहिलं.

"पुढं काय झालं त्या खेळाचं?" मी विचारलं.

"काय नाही झालं? उर्दूत छापला, नागरीत छापला, गुजरातीत छापला. पारशी मंडळ्यांनी समुद्रापलीकडं मलायापर्यंत नेला. 1932 मध्ये कलकत्त्याच्या मदन थिएटर्सनं बोलपट केला. निसार आणि कज्जन. सत्तरच्या आसपास गाणी त्यात."

"सत्तर!" काकू दचकल्या. "मग स्वयंपाक कधी करायचा बघणाऱ्यांनी?"

"आणि जर्मनीत डॉक्टरकी मिळवली एकानं त्याच्यावर. फ्रीडरिख रोझेन. व्हाइसरॉय डफरिनच्या पोरांना शिकवायला हिंदुस्थानात आला होता. गेल्यावर 1892 मध्ये लाइपझिगला अमानतची इंदरसभा जर्मनमध्ये छापली. पुढं मोठा राजदूत झाला, देशोदेशी फिरला, आणि 1921 मध्ये जर्मनीचा परराष्ट्रमंत्री."

नानांनी पेन खाली ठेवलं. "जर्मनीचा परराष्ट्रमंत्री? सब्ज परीवर?"

"हौ."

"आणि आपल्याकडं एक वाक्य."

"तुमच्याकडं," खालांनी दुरुस्त केलं.

"बरं, आमच्याकडं. मग ते जर्मनवालं मी पहिलं घेतो. आपल्या लोकांना बाहेरच्यानं चांगलं म्हटलं की लगेच पटतं." नानांनी नवं पान उलटलं. "नाव सांगा परत. रोझेन की रोझन?"

"अवो, नाव नंतर," काकू म्हणाल्या. "ती जोगीण होऊन गेली तेव्हा राजानं ओळखली कशी नाही, ते आधी विचारा. पंख नसले म्हणून काय झालं, आवाज तर तोच होता ना?"

खाला उत्तर द्यायला वळल्या. छावणीकडं जाणारी रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवत होती. काकूंनी रिक्षावाल्याला हातानंच खूण केली, थांब.